दिसायला ठणठणीत : मेंदूला मार लागलेल्या जोडीदाराबरोबरचे अनुभव

रानजाई (धागाकर्ती)
नवऱ्याची दुचाकी घसरली, हेल्मेट डिकीत होतं. कपाळामागच्या भागात रक्तस्राव. आता चालतो, जेवतो, क्रिकेटचा स्कोअर सांगतो, त्यामुळे येणारा प्रत्येक जण "देवानं वाचवलं" म्हणत चहा पिऊन जातो. काळजी दार लावल्यावर सुरू होते. माणूस तोच, स्वभाव दुसराच. भाचीच्या बारशात यजमानांच्या तोंडावर म्हणाला, "जेवण भिकार आहे." होतंही, पण पूर्वी हे त्याने घरी येऊन फक्त मला सांगितलं असतं.
डॉक्टरांच्या सल्ल्यांची फाइल भरलीय. नवरा-बायको म्हणून तुम्ही हे कसं निभावलंत, ते लिहा.

डोंबिवली फास्ट
माझी बायको लोकलमधून उतरताना पडली. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तुकडा काढून तिच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. ऐकून आईला घेरी आली, पण हाड टिकावं म्हणून असं करतात. ते परत बसवेपर्यंत डोक्याला डाव्या बाजूने खळगा होता. तिचे केस धुताना माझा हात थरथरायचा.
वाचा गेली होती. समजायचं बरंचसं, शब्द सापडायचा नाही. मीठ हवं असलं की "चावी दे". आणि गणपतीत ही अख्खी आरती न अडखळता म्हणाली! वाटलं, झाली बरी. प्रसाद हवा का विचारलं, तर पुन्हा "चावी". स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, पाठ असलेलं, चालीतलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. मग त्यांनी रोजची वाक्यंच चालीवर म्हणून घेतली. "पाणी हवंय मला" आमच्याकडे अजून गातात. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचाघातावर थेरपी मिळते, मुंबईकरांनी चौकशी करावी. तिचं वाक्य घाईने पुरं करायचा मोह मात्र आवरा. मला अजून जमत नाही.

खमंग काकडी
रानजाई, फिटसाठी लेव्हेटिरॅसिटाम चालू आहे का? काहींची चिडचिड त्यानेही वाढते. आमच्याकडे न्यूरोलॉजिस्टने औषध बदललं आणि ताटं उडायची थांबली. मनाने बंद करू नका हं, फिट येईल.

टेम्सकाठची
इथे इंग्लंडमध्ये हेडवे ही संस्था मेंदूच्या दुखापतीचं ओळखपत्र देते. दुकानात हा गोंगाटाने बिथरला की मी तेच दाखवते, बोलावं लागत नाही.

सातारी
सगळं गोळीवर ढकलू नये, असं माझं मत. आमच्या ह्यांना जास्त खचवलं ते नोकरीने. सरकारी कचेरीत लिपिक; परत हजर झाले तर आकडे जुळेनात. साहेबांनी स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. मी सही करू दिली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पदावनतीही करता येत नाही. झेपेल अशा पदावर त्याच वेतनात घ्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा पदावर ठेवायचं. खासगी नोकरीत ही सोय नाही.

अनामिका
नेहमीच्या नावाने लिहायचा धीर नाही. दिवसभर त्याला भरवते, नखं कापते, गोळ्या देते. रात्री तो जवळ आला की मी आई असल्यासारखं वाटतं आणि अंग चोरते. सासूबाईंना काय सांगणार? त्या म्हणतात, कुंकू राहिलं हे नशीब समज. समुपदेशक बाईंनी एकच सुचवलं, अंघोळ-पांघोळ दुसऱ्याकडे सोपवा. माणूस ठेवला, पैशांची ओढाताण आहे. पण संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो आणि तो पूर्वीसारखाच रडीचा डाव खेळतो.

रानजाई
अनामिका, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. व्यक्तिगत निरोप करते.
सातारी, आमचे हेही सरकारी नोकरीतच. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं की कचेरीत अर्ज द्यायचा?

सातारी
अर्ज आधी टाका, आवक क्रमांक घ्या. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर नोंदणी, मग रुग्णालयात तपासणी. तिथे स्मरणशक्ती आणि वागणुकीचीही तपासणी मागा, नाहीतर हातपाय बघून "ठीक" लिहून मोकळे होतात.