मदत हवी आहे: म्युनिक ते स्प्लिट गाडीने, पुढे अँकोनापर्यंत बोटीने (सोबत सत्तरीचे आईबाबा)

नमस्कार मंडळी,

गणपती झाले की आईबाबा मालवणहून आमच्याकडे म्युनिकला दोन महिन्यांसाठी येताहेत. बाबा ७३, आई ६८. सप्टेंबरअखेर बारा दिवसांची रजा टाकून मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि ते दोघं असे पाचजण गाडीने फिरायचं ठरवतोय. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोवेनिया, क्रोएशिया, तिथून रात्रीच्या बोटीने गाडीसकट इटली, आणि आल्प्समधल्या ब्रेनर घाटामार्गे परत.

बोट कशाला, वळसा घालून गाडीनेच जा, असा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय. स्प्लिटहून त्रिएस्तेवरून अँकोनाला जायचं तर ९०० किमीच्या आसपास पडतं, ते एक कारण आहेच. पण खरं कारण बाबा आहेत.

कॉलेजला मुंबईत असताना बाबा सुट्टीला आगबोटीने घरी यायचे. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघायचं, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत मालवण. मालवणला बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची. माणसं, ट्रंका, फणस, सगळं पडावातून ये-जा करायचं. परत जाताना पडाव लाटेवर वर उचलला गेला की त्याच क्षणी बोटीवरचा खलाशी दंड धरून माणसाला आत खेचायचा. हे सांगताना बाबा अजूनही उजव्या हाताने स्वतःचा डावा दंड घट्ट धरतात. पुढे बोटी बंद झाल्या आणि त्यानंतर ते मोठ्या बोटीत कधी चढलेच नाहीत. इथे गाडी बोटीच्या पोटात घालून रात्रभर जाता येतं हे मी फोनवर सांगितलं, तेव्हापासून ते दर रविवारी विचारतात, "बोटीचं नक्की ना?" त्यामुळे बोट राहणार. बाकी सगळं बदलायला मी तयार आहे.

सध्याचा बेत असा: पहिल्या दिवशी म्युनिक ते स्लोवेनियातलं ब्लेड (सुमारे ३८० किमी), तिथे दोन रात्री. मग पोस्तोयनाची गुहा बघून क्रोएशियातली प्लिट्विट्सेची तळी, दोन रात्री. स्प्लिटला तीन रात्री. आठव्या दिवशी संध्याकाळी बोट, दहा-अकरा तासांनी सकाळी अँकोना. फ्लॉरेन्सच्या बाजूला दोन रात्री, बोल्झानोला एक, बाराव्या दिवशी घरी. गाडी मी आणि नवरा आलटून पालटून चालवू, दोघांकडे जर्मन लायसन्स आहे.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी गाडीची. आमच्या गाडीत पाच माणसं बसतात, पण आईबाबांच्या बॅगा आणि लेकीची सीट धरून पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून सात सीटची भाड्याने घ्यायची आहे. क्रोएशियाला न्यायला हरकत नाही असं कंपनीने सांगितलं. बोटीवर चढवायचं विचारलं तर काउंटरवरची मुलगी हो म्हणाली आणि फोनवरचा माणूस म्हणाला लेखी परवानगी लागेल, शिवाय बोटीवर असताना झालेलं नुकसान विम्यात येणार नाही. कोणी भाड्याची गाडी ॲड्रियाटिक ओलांडून नेली आहे का? परवानगीचं पत्र बुकिंग करतानाच मागितलंत की गाडी ताब्यात घेताना? बोटीसाठी वेगळा विमा मिळतो का?

दुसरी काळजी आईची. तिला बोट लागते. गाडीही लागते, पण गाडी थांबवता येते. बोटीच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर कमी हलतं असं वाचलंय, म्हणून तशी चार जणांची केबिन आणि बाबांसाठी खिडकीवाली वेगळी घ्यावी असं मनात आहे. पण आई म्हणते मला एकटीला खाली बंद करू नका. तिकडे दक्षिणेचा 'युगो' वारा सुटला की समुद्र फुगतो म्हणतात. सप्टेंबरअखेर ज्यांनी ही बोट केली आहे त्यांनी कृपया खरं सांगा, झोप लागते का? आलेपाक आणि आवळासुपारी ती घेऊन येणारच आहे, गोळीचं डॉक्टरांना विचारू.

तिचे गुडघेही दुखतात. गाड्यांच्या मजल्यावरून वर केबिनपर्यंत लिफ्ट असते का, की लोखंडी जिना चढावाच लागतो? काही बोटींवर फक्त चालकाला गाडीसोबत सोडतात आणि बाकीच्यांना पायी चढवतात असं ऐकलं. तसं असेल तर मला तिच्यासोबत राहावं लागेल. बोट सुटल्यावर खालचा मजला बंद करतात, म्हणून बाबांचं इन्सुलिन जवळच ठेवणार आहे. ते थंड ठेवायला बोटीवर कोणी मदत करतं का?

व्हिसाचं कळलंय, चूक असेल तर सांगा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि युरोही वापरतो, त्यामुळे आईबाबांच्या एकाच व्हिसावर पाचही देश होतात. मुक्काम जास्त जर्मनीत म्हणून व्हिसा जर्मनीचा. एका मैत्रिणीने स्प्लिटहून एक दिवस मोस्तारला जा असं सुचवलं होतं, पण मोस्तार बोस्नियात, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. सिंगल एन्ट्रीवर बाहेर पडलो की परत आत यायचा रस्ताच बंद! म्हणून ते काढून टाकलं. ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांनी हे जरूर लक्षात ठेवा. शेंगेनच्या आतही सीमेवर तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट डिकीत नाही, हाताशी.

टोलचा हिशेब असा मांडलाय. ऑस्ट्रियाचं विन्येट (हमरस्ते वापरायचा मुदतीचा टोल-पास) दहा दिवसांचं, आणि आम्ही पहिल्या दिवशी आणि बाराव्या दिवशी ऑस्ट्रियात असू. म्हणजे एकात भागत नाही. जाताना आणि येताना एकेका दिवसाचं घ्यावं असं वाटतंय. टाउएर्न आणि कारावांकेन बोगद्यांचे पैसे वेगळे, ब्रेनरचे वेगळे. स्लोवेनियाला सात दिवसांचं ऑनलाइन. क्रोएशिया आणि इटलीत नाक्यावर, अंतराप्रमाणे. काही सुटलंय का?

इटलीच्या शहरांची मात्र मला मनापासून भीती वाटते. तीन वर्षांपूर्वी एका शहरात आम्ही हॉटेल शोधत चुकून जुन्या भागात शिरलो. झेड-टी-एलची (परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेल्या भागाची) पाटी दिसली, तेव्हा अर्थ कळला नाही. सात महिन्यांनी घरी दंडाचं पत्र आलं आणि भाड्याच्या गाडीवाल्यांनी पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कापले. या वेळी फ्लॉरेन्सच्या बाहेर राहून ट्रामने आत जायचा विचार आहे. ट्रामच्या थांब्याजवळ गाडी ठेवायला चांगली जागा कोणाला माहीत आहे का?

आईच्या गुडघ्यांसाठी अजून दोन ठिकाणांचं विचारायचंय. ब्लेडच्या बेटावर चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत, तेव्हा आम्ही नावेतून फेरी मारून खालीच थांबू. पोस्तोयनाला गुहेत छोटी रेल्वे आहे, पण त्यापुढे चालणं किती आणि चढ किती? आत १० अंश असतं, शाल घेणार आहे. प्लिट्विट्सेला लाकडी पुलांवरून चालायचं असतं. कमी चालून जास्त तळी दिसतील असं कुठल्या दाराने शिरावं?

आणि शेवटचं. हंगाम सरला की बोटी रोज नसतात, म्हणून आधी बोटीचा दिवस पक्का करून मग मागेपुढे हॉटेलं घेणार आहे. स्प्लिटचा धक्का गावाला अगदी लागून आहे. बोट सुटताना बाबांना वरच्या डेकवर उभं राहायचंय. गावाकडची बाजू कुठली येते, डावी की उजवी, कोणाला आठवतं का? सुटायच्या आधीच त्यांना तिथे नेऊन उभं करीन.