गर्भगळित: हा शब्द इथे चालेल का?

बोरू:
एका विडंबनपर लेखाचं भाषांतर करते आहे. प्रसंग असा. कायदेमंडळात गर्भपातबंदीच्या विधेयकावर चर्चा चालू आहे आणि बोलणारे सगळे पुरुष आहेत. एक जण नीतीवर बोलतो, दुसरा परंपरेवर, तिसरा देशाच्या घटत्या लोकसंख्येवर. प्रेक्षक गॅलरीतून एक बाई उठून विचारते, "तुमच्यापैकी किती जण आजवर गरोदर राहिलात?" मूळ लेखात पुढे एवढंच आहे की सभागृह घाबरून गप्प झालं. मी लिहिलं, "त्या प्रश्नासरशी अख्खं सभागृह गर्भगळित झालं."

संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "गर्भपात हा विनोदाचा विषय नव्हे. 'हादरलं' करा."

मला 'हादरलं' नको आहे. भूकंपाने हादरतात, बातमीने हादरतात. पण संपादक शब्दांच्या बाबतीत जाणते आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. 'गर्भगळित' वाचताना तुम्हाला त्यातला गर्भ ऐकू येतो का? आणि नसेल वापरायचा, तर याच्या तोडीचा दुसरा शब्द कोणता?

ऱ्हस्वदीर्घ:
आधी शब्द नीट लिहू या. 'गलित' तत्सम आहे, तिथे लि ऱ्हस्व. पण ल चा ळ झाला की शब्द मराठी झाला, आणि मराठी शब्दात शेवटच्या अकारान्त अक्षराआधीची वेलांटी दीर्घ. म्हणून गर्भगळीत. तीस वर्षं मुद्रितं तपासली, प्रत्येक वेळी दुसरी वेलांटी देत आलो.

बाकी शब्दाला हरकत नाही. क्रिकेटच्या बातम्यांत प्रतिस्पर्धी संघ रोज गर्भगळीत होतो. कुणाला गर्भ आठवतो?

धातुसाधित:
काका, ळ आला म्हणून शेवटी 'इत' आणणारा संस्कृत क्त-प्रत्यय बदलत नाही. गणित, फलित, स्खलित यांच्या पंगतीतलाच हा शब्द आहे. 'गळीत' म्हटलं की मला गळीत हंगाम आणि गळिताची धान्यं दिसतात.

आता मूळ प्रश्न. गल् म्हणजे पाझरणं, निसटून पडणं. जुन्या काव्यात प्रचंड गर्जनेची ताकद दाखवायची ही ठरलेली रीत आहे. तुलसीदासांच्या सुंदरकांडात हनुमान लंकेहून परतताना अशी गर्जना करतो की ती ऐकून राक्षसस्त्रियांचे गर्भ स्रवतात. म्हणजे हा शब्द सुरुवातीला अलंकारिक नव्हताच. भीती किती मोठी, हे बाईच्या पोटावरून मोजलेलं आहे. गर्जणारा पुरुष, गर्भ जातो बाईचा, आणि पराक्रम म्हणून नोंदला जातो तो गर्जनेचा. पुढे बाई वाक्यातून निघून गेली आणि नुसती भीती उरली. आज पुरुषांचे संघ गर्भगळित होतात ते त्यामुळेच.

बोरूताई, तुमच्या वाक्यात मात्र गर्भ परत ऐकू येतो, कारण आधीच्याच ओळीत गरोदरपणाचा प्रश्न आहे. संपादकांनाही तो ऐकू आला, म्हणून तर रेघ मारली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या रेघेतच आहे.

तिसरी घंटा:
संपादकांचं वाक्य वाचून मला 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवलं. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७चं, गर्भपाताला कायदेशीर वाट देणारा आपला कायदा १९७१चा. नाटकातली मंडळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात आणि गंमत म्हणून बेणारे बाईंवर आरोप ठेवतात, भ्रूणहत्येचा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आम्ही प्रेक्षागृहात हसलो होतो. खेळ पुढे सरकतो तसं कळत जातं की बाई खरोखरच गरोदर आहे. शेवटी निकाल काय लागतो? पोटातलं मूल नष्ट करा. भ्रूणहत्येच्या आरोपीला शिक्षा भ्रूणहत्येचीच.

'विषय विनोदाचा नव्हे' म्हणणाऱ्याने सांगावं, तो आरोप गमतीने ठेवला नसता तर नाटक उभं राहिलं असतं का? आपण आधी हसलो होतो म्हणूनच शेवटी गळ्याशी येतं. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नव्हते.

रात्रपाळी:
बावीस वर्षं प्रसूती विभागात काढली आहेत. तिथे 'गर्भगळित' एकदाही ऐकला नाही. 'गर्भपात'सुद्धा कागदावरच. बायका म्हणतात, "पिशवी धुतली", "खाली केलं", वयस्कर बायका "पोट पाडलं". डॉक्टर म्हणतात एमटीपी. आणि आपोआप झालं असेल तर बाई म्हणते, "दिवस गेले होते, पण राहिलं नाही." या 'राहिलं नाही'इतका मऊ शब्द मला कुठल्या कोशात दिसलेला नाही.

एक प्रसंग सांगते. सात वर्षं वाट पाहून दिवस गेलेली बाई. अकराव्या आठवड्यात रक्तस्राव होऊन सगळं संपलं. घरी जाताना कागदावर तिने 'अ‍ॅबॉर्शन' वाचलं आणि तिथेच बसून राहिली. म्हणाली, "सिस्टर, मी काहीच केलं नाही. मग असं का लिहिलं?" डॉक्टरी भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही तोच शब्द आहे, हे मी समजावलं. तिला पटलं नाही. मलाही समजावताना पटत नव्हतं. मराठीत निदान क्रियापद सांभाळून घेतं. गर्भपात 'झाला' आणि गर्भपात 'केला'. एका अक्षरात बाईवरचा आळ जातो किंवा येतो.

तुमची चर्चा वाचताना सारखी तीच डोळ्यांसमोर येते. हे वाक्य तिच्यासमोर आलं तर तिला कुठे लागेल, एवढंच मला कळतं.

धातुसाधित:
सिस्टर, झाला-केला हा भेद जुन्या वैद्यकातही वेगळ्या वाटेने सापडतो. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गेला तर गर्भपात. आधी द्रव आहे म्हणून स्रवतो, नंतर शरीर घट्ट झालेलं असतं म्हणून पडतो. पात म्हणजे पडणं, पाडणं नव्हे. पाडण्याला पातन. त्या हिशेबाने मुद्दाम केलेल्याला आपण गर्भपातन म्हणायला हवं होतं.

ऱ्हस्वदीर्घ:
आता हे पातन कोण बोलणार? शब्द लोकांच्या तोंडात बसला की व्युत्पत्तीने हक्क सांगू नये. जनावर गाभडतं, बाईचा गर्भपात होतो. भाषेने वाटणी करून टाकली आहे.

धातुसाधित:
वेलांटीच्या वेळी नियम आणि अर्थाच्या वेळी रूढी, असं कसं चालेल काका?

कुंचला:
मी व्यंगचित्रं काढतो, म्हणून मला 'विषय' या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. आमच्या धंद्यात विषयापेक्षा नेम महत्त्वाचा.

फ्रान्समधलं उदाहरण घ्या. ५ एप्रिल १९७१ला तिथल्या एका साप्ताहिकात ३४३ बायकांनी सही करून जाहीर केलं की आम्ही गर्भपात केला आहे. तेव्हा तो तिथे गुन्हा होता. मजकूर सिमोन द बोव्हारचा. आठवड्याभरात शार्ली एब्दोने मुखपृष्ठावर चित्र छापलं, काबू या व्यंगचित्रकाराचं. मथळ्यात प्रश्न होता की या ३४३ सालोपना गरोदर केलं कुणी? आणि मिशेल द्ब्रे हा बडा राजकारणी उत्तर देतो आहे, "ते फ्रान्ससाठी होतं!" द्ब्रे म्हणजे फ्रान्सची लोकसंख्या वाढलीच पाहिजे म्हणणारा माणूस. म्हणजे नेम अचूक त्याच्यावर होता.

पण झालं काय? द्ब्रे लोक विसरले आणि 'सालोप' त्या बायकांना चिकटला. सालोप म्हणजे आपल्याकडची सगळ्यात घाणेरडी शिवी, बाईलाच देतात ती. आज पन्नास वर्षांनंतरही त्या जाहीरनाम्याला सर्रास '३४३ सालोपचा जाहीरनामा' म्हणतात. काही बायकांनी तो शब्द अभिमानाने मिरवला, काहींना तो कधीच रुचला नाही. चित्रकार त्यांच्या बाजूचा होता, तरी हे झालं.

हे मी गर्भपातावर चित्र काढू नये म्हणून सांगत नाही. १९७५च्या जानेवारीत तिथे कायदा बदलला, आणि त्याआधीच्या चार वर्षांच्या गदारोळात त्या चित्राचाही वाटा होता असं मला वाटतं. पण चित्रातला माणूस निवडताना मी जेवढा वेळ घेतो, त्याच्या दुप्पट आता मथळ्यातल्या शब्दाला देतो. नेम साधला तरी शब्द कुणाच्या अंगावर राहील ते सांगता येत नाही.

बोरू:
कुंचला, हे मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस याच प्रश्नाशी झटते आहे आणि तुमचं वाचून अजून अडकले. माझ्या वाक्यात शब्द पुरुषांवर पडतो आहे, सभागृहावर. जो शब्द आजवर बाईच्या पोटावरून भीती मोजत आला, तो पहिल्यांदाच त्या पोटाबद्दल कायदे करणाऱ्यांच्या अंगावर येतो. त्यांना गर्भ नाही, तरी ते गळाले. मला तेच म्हणायचं आहे. सिस्टर, तुमच्या त्या बाईकडे पाहून हे म्हणता येईल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तिसरी घंटा:
मला वाटतं येईल. तो शब्द तिच्याबद्दल नाही.

रात्रपाळी:
शब्द कुणाबद्दल आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. वाचणारी आपलं दुखणं घेऊन येते. आमच्या वॉर्डात हसणं नसतं असं नाही. पिशवी धुऊन बाहेर आलेल्या दोघी-तिघी शेजारच्या खाटांवर अशा काही हसतात की मला दटावावं लागतं. पण ते हसू त्यांच्यापैकी कुणीतरी सुरू केलेलं असतं. बाहेरचा माणूस तोच विनोद घेऊन आत आला तर सगळ्या भिंतीकडे तोंड करतील.

आणखी एक. तिसरी घंटा ताई, नाटकातला आरोप म्हणून ठीक आहे, पण एरवी 'भ्रूणहत्या' जपून वापरा. मुलगी नको म्हणून केलेल्याला स्त्रीभ्रूणहत्या म्हणायची सवय लागली आणि त्यात 'हत्या' आली. मग कायद्याने मिळालेला हक्क वापरायला आलेली बाईसुद्धा दबक्या आवाजात विचारते, "सिस्टर, हे पाप तर नाही ना?" त्या गुन्ह्याला गर्भलिंगनिवड म्हणावं. गुन्हा निवडीचा आहे.

कुंचला:
हे शंभर टक्के मान्य. मी स्वतः पोस्टरवर तो शब्द लिहिलेला आहे. परत लिहिणार नाही.

धातुसाधित:
एक वेगळीच गोष्ट. बोरूताईंनी लेखाला 'विडंबनपर' म्हटलं आहे. विडंबन आणि विटंबना एकाच विडम्ब् धातूचे. मुळात नक्कल करणं, त्यावरून हिणवणं. मराठीने दोन्ही रूपं ठेवली आणि त्यांना दूर दूर नेलं. विडंबनावर आपण हसतो, विटंबना झाली की रस्त्यावर उतरतो. संपादकांना बहुधा पहिल्यात दुसरं दिसलं. आणि 'उपरोध' संस्कृतात अडवणूक आहे, वेढा आहे. मराठीत तो बोचरं बोलणं झाला. बाईच्या त्या एका प्रश्नाने अख्खं सभागृह अडतं, त्याला मी दोन्ही अर्थांनी उपरोधच म्हणेन.

ऱ्हस्वदीर्घ:
हिंदीवाले सटायरला व्यंग्य म्हणतात, तो शब्द का घेऊ नये?

कुंचला:
कारण मराठीत य गळून त्याचा व्यंग होतो आणि व्यंग म्हणजे शरीरातली उणीव. 'व्यंगचित्रकार' म्हणताना आजही मला ते खटकतं. आम्ही कुणाच्या व्यंगावर हसत नाही.

धातुसाधित:
व्यंग्य वि-अञ्ज् पासून, सुचवलेला अर्थ. व्यंग वि-अंग. दोघांचा संबंध नाही. व्यंगचित्रात मुळात कोणता शब्द होता यावर वेगळा धागा काढावा लागेल.

ऱ्हस्वदीर्घ:
काढाच. पण गर्भगळितला कात्री लावणार असाल तर यादी पुरी करा. 'वांझोटी चर्चा' रोज छापून येते. मूल नसलेल्या बाईला तो 'गर्भगळित'पेक्षा जास्त लागतो. योजनेचा 'गर्भपात' करणारे मथळे येतात. मी ते सगळे छापू दिले, कधी मनात आलं नाही. काल सिस्टरांचं लिहिणं वाचल्यापासून येतं आहे. पण इतके शब्द काढले तर राहील काय, हाही प्रश्न आहेच.

तिसरी घंटा:
'वांझोटी चर्चा' मी आजपासून सोडली. निष्फळ म्हणेन.

धातुसाधित:
फळ नसलेली तीच की ती.

रात्रपाळी:
झाडाला कुणी घरातून काढत नाही.

बोरू:
सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. संपादकांना हा धागा पाठवला होता. त्यांचा फोन आला, बराच वेळ बोललो. ते म्हणाले की त्यांच्या घरात एकदा 'राहिलं नाही', त्याला खूप वर्षं झाली, आणि रेघ मारताना हात आपोआप गेला. मग दोघंही थोडा वेळ गप्प होतो. वाक्य सध्या दोन्ही पाठांत ठेवलं आहे. 'तोडीचा दुसरा शब्द' कुणीच दिला नाही हे मात्र खरं. 'पाचावर धारण बसली' आणि 'तंतरली' मी स्वतःच लिहून खोडले.

दरम्यान पुढच्या परिच्छेदात दुसरी अडचण आली आहे. तिथे लेखक त्या विधेयकालाच मेलेलं जन्मलेलं म्हणतो, एका शब्दात. कोशात 'मृतजात' मिळतो. तो लिहिला की मला सिस्टरांचा वॉर्ड दिसतो. सिस्टर, असं मूल जन्मतं तेव्हा तिथे काय म्हणतात?

रात्रपाळी:
काही म्हणत नाही. कागदावर लिहितो.

ऱ्हस्वदीर्घ:
विधेयकाला 'बारगळलं' चालेल. आणि तो गळीत दीर्घच.