रिफंड जास्त म्हणजे कर कमी? एकाच उत्पन्नाच्या दोन घरांची तुलना

दीडदांडी:
दोन घरांच्या कराची तुलना करायची आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, घरं पुण्यातली, दोन्हीकडे वर्षाचा पगार मिळून १८ लाख.

घर १: कमावणारी व्यक्ती एकच. कंपनीला जुनी करप्रणाली (दर जास्त, पण वजावटी बऱ्याच) कळवली होती. ८०सी चे (पीएफ, विमा अशा गुंतवणुकींच्या वजावटीचे) दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि व्यवसाय कर २,५०० धरून टीडीएस (पगारातूनच आधी कापलेला कर) कापला २,३३,२२०. रिटर्न मात्र नव्या प्रणालीने भरतायत, त्यामुळे रिफंड निघतोय ८२,४२०.

घर २: दोघंही नोकरीत, प्रत्येकी ९ लाख, नवी प्रणाली. टीडीएस शून्य, रिफंडही शून्य.

पहिल्या घराचं म्हणणं, आमचे ८२ हजार वाचले, त्यांना काहीच मिळालं नाही. शिवाय दरवर्षी असाच जादा टीडीएस कापू द्यावा, आपोआप बचत होते. या दोन्ही गोष्टी कितपत बरोबर?

हिशेबनीस:
तुलना रिफंडची करूच नका. फॉर्म १६ (कंपनी देते तो टीडीएसचा दाखला) किंवा रिटर्नमध्ये सेससह (करावरचा अधिभार) एकूण कर किती बसला, ती ओळ बघा. रिफंड म्हणजे कापलेल्यातून बसलेला कर वजा जाता उरलेली रक्कम, एवढंच.

घर १: १८ लाखांतून प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळणारी) ७५ हजार, करपात्र १७,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ वर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४०,०००, १२ ते १६ वर १५ टक्क्यांनी ६०,०००, वरच्या १,२५,००० वर २० टक्क्यांनी २५,०००. झाले १,४५,०००, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे १,५०,८००.

घर २: प्रत्येकी करपात्र ८,२५,०००, कर २२,५००. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सूट (कमी उत्पन्नवाल्यांची करमाफी) तो पूर्ण खाऊन टाकते. दोघांचा मिळून शून्य.

म्हणजे ज्या घराला रिफंड आला, त्याने दीड लाख जास्त भरले. कारण आपल्याकडे कर माणसावर आहे, घरावर नाही. नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न ही सोयच नाही, त्यामुळे ४ लाखांची करमुक्त मर्यादा, ७५ हजारांची वजावट आणि ८७ए हे सगळं दुसऱ्या घराला दोनदा मिळतं. साडेबारा लाखांचे दोन पगार असलेल्या घरालाही शून्यच कर. तेच २५ लाख एकट्याने कमावले तर ३,१९,८००.

घर १ ला आणखी एक सांगा. १८ लाखांच्या पगाराला जुनी प्रणाली फायद्याची व्हायची तर ५० हजारांची प्रमाणित वजावट सोडून साधारण ६ लाख ४२ हजारांच्या वजावटी लागतात. त्यांच्या आहेत ३,७७,५००. एनपीएस या पेन्शन योजनेचे वाढीव ५० हजार घातले तरी पोचत नाहीत. मोठा एचआरए (घरभाडे भत्त्याची सूट) नसेल तर एप्रिलमध्येच कंपनीला नवी प्रणाली कळवायला हवी होती. बऱ्याच कंपन्या वर्षाच्या मधे निवड बदलू देत नाहीत. धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरताना बदलता येते, फक्त जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं.

तिरकी रेघ:
'आपोआप बचत' पण मोजून बघू. ८२,४२० म्हणजे महिन्याला सुमारे ६,८६८ जादा कापले. एप्रिलचा पगार महिनाअखेरीस होतो, म्हणून पहिल्या हप्त्याचे ११ महिने, दुसऱ्याचे १०, असं मार्चपर्यंत. या काळात सरकार एक पैसाही व्याज देत नाही.

हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या आरडीत गेले असते तर मार्चअखेर साधारण २,४५० व्याज. साडेआठ टक्क्यांच्या घरकर्जात मुद्दलापोटी भरले असते तर वाचलं असतं सुमारे ३,२००. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी चालू असेल तर पंधरा हजारांच्या वर. माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. कर्ज नसलेल्या घराचं नुकसान किरकोळ, कार्डावर बाकी ठेवून रिफंडची वाट बघणाऱ्या घराचं भारी.

रिफंडवर सरकारचं व्याज सुरू होतं १ एप्रिलपासून, तेही रिटर्न मुदतीत भरलं तरच. उशीर केला तर भरल्या तारखेपासून. कलम २४४ए प्रमाणे महिन्याला अर्धा टक्का, सरळव्याज, अर्धवट महिना पूर्ण धरतात. रिफंड ऑगस्टमध्ये मंजूर झाला तर पाच महिन्यांचे ८२,४०० वर २,०६० रुपये (शंभराखालची रक्कम सोडतात). हे व्याज 'इतर स्रोतांतील उत्पन्न' म्हणून पुढच्या वर्षी करपात्र. मूळ रिफंड करपात्र नाही. लोक नेमकं उलटं करतात: सगळा रिफंड उत्पन्नात दाखवतात, नाहीतर व्याजही विसरतात, आणि ते एआयएसमध्ये (आयकर विभागाकडच्या तुमच्या वार्षिक माहिती विवरणात) दिसतंच.

शिवाय रिफंड ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज मिळत नाही. १,५०,८०० कर असलेल्याला १४ हजारांचा रिफंड आला तर व्याज शून्य.

पाटावरची_वही:
हिशेब पटला, पण सक्तीच्या बचतीला सरसकट मोडीत काढू नका. हातात आला की खर्च होणारा पैसा कुणीतरी अडवून ठेवला याची काही घरांना किंमत असते. मात्र मग अडवणारा निदान तारीख सांगणारा हवा. आरडीची मुदत ठरलेली असते. रिफंडची नाही: २०२६-२७ मध्ये भरलेल्या रिटर्नवर कलम १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासून रिफंड किंवा मागणी ठरवणारी) काढायला विभागाला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत वेळ आहे. बहुतेकांचं काम खूप आधी होतं, पण शाळेची फी त्यावर ठेवू नये.

रिफंड अडकतो तो बहुतेक या जागी. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी केलेली नसते. आयकर पोर्टलवर बँक खातं 'व्हॅलिडेट' (पडताळलेलं) नसतं. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं, किंवा बँक विलीन होऊन आयएफएससी बदललेला. पॅन-आधार जोडणी नसते. किंवा जुन्या वर्षाची एखादी मागणी थकीत दिसते आणि कलम २४५ खाली रिफंड तिकडे वळवण्याची सूचना येते. ती मागणी चुकीची असेल तर सूचनेत दिलेल्या मुदतीत 'असहमत' नोंदवून चलनाचा तपशील द्या. गप्प बसलात तर पैसे वळते होतात. खात्याच्या चुकीने परत गेलेला रिफंड मिळवायला आधी खातं दुरुस्त करून व्हॅलिडेट करायचं आणि मग पोर्टलवर 'रिफंड रिइश्यू'ची विनंती टाकायची. उलट्या क्रमाने केलं तर विनंती पुढे सरकत नाही.

घरांच्या तुलनेबद्दलही एक. दुसऱ्या घराचा आयकर शून्य असला तरी पाळणाघर, दोघांचा प्रवास, दोन व्यवसाय कर (प्रत्येकी २,५००, नव्या प्रणालीत वजाही होत नाहीत) हे त्यांच्याच खिशातून जातं. घरपट्टीही तुलनेत धरा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे, पुण्यात तशी माफी नाही. स्वतः राहत्या घराची घरपट्टी आयकरातून वजा होत नाही.

दीडदांडी:
धन्यवाद सगळ्यांना. मग पहिल्या घराने काही ठेवी बायकोच्या नावावर केल्या तर त्यांनाही दुहेरी फायदा मिळेल ना? आणि टीडीएस नेमका किती कापू द्यावा?

हिशेबनीस:
नाही मिळणार. नवऱ्याने दिलेल्या पैशांच्या एफडीचं व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, मग बँक टीडीएस कुणाच्याही पॅनवर कापो. बायकोच्या स्वतःच्या कमाईची ठेव वेगळी. सज्ञान मुलाला किंवा आईवडिलांना दिलेल्या रकमेला हे कलम लागत नाही, पण ती रक्कम मग खरोखर त्यांची होते, हे लक्षात ठेवून द्या.

दुसऱ्या घरालाही सावध करा. ८७ए ची सूट शेअरच्या भांडवली नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला नाही. दोघांपैकी एकाला सूचीबद्ध शेअरवर १ लाखाचा अल्प मुदतीचा नफा झाला, तर पगारावरचा कर शून्य राहूनही २० टक्के आणि सेस मिळून २०,८०० भरावे लागतील. एफडीचं एका बँकेतलं व्याज वर्षाला ५० हजारांवर गेलं की (ज्येष्ठांना १ लाख) बँक सगळ्या व्याजावर १० टक्के कापते, फक्त वरच्या भागावर नाही. ८० हजार व्याजाला ८ हजार गेले. कर शून्य आणि एकूण व्याज करमुक्त मर्यादेत, म्हणजे नव्या प्रणालीत ४ लाखांत असेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक बँकेत टीडीएस कापू नका असा स्वघोषणेचा अर्ज (२०२५-२६ पर्यंत तो १५जी होता) द्या. मार्चमध्ये दिलेला अर्ज आधी कापलेलं परत आणत नाही.

तिरकी रेघ:
टीडीएस किती, याचं माझं गणित: वर्षअखेर रिफंडही नको आणि भरणा १० हजारांच्या आत. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त कर उरणार असेल तर अग्रिम कर लागू होतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकला तर २३४बी आणि २३४सी चं महिना एक टक्का व्याज, म्हणजे सरकार देतं त्याच्या दुप्पट. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना अग्रिम कर नाही.

इतर उत्पन्न आणि बाहेर कापलेला टीडीएस, टीसीएस (विक्रेत्याने किंमतीबरोबर घेतलेला कर) कंपनीला कळवला की पगारातली कपात जुळवून घेता येते. २०२५-२६ साठी तो फॉर्म १२बीएए होता. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, कंपनीच्या पेरोलकडून (पगार विभागाकडून) चालू क्रमांक घ्या. २०२५-२६ चं रिटर्न मात्र १९६१ च्याच कायद्याने.

आणि पहिल्या घराला कुणी 'अजून रिफंड काढून देतो' म्हणत खोटा एचआरए किंवा देणगी टाकायला सांगत असेल तर दारातूनच परत पाठवा. चुकीची माहिती देऊन कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या २०० टक्के दंड आहे. तो रिटर्न भरून देणाऱ्याला नाही, ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्याला बसतो.