रस्त्यावर मेलेलं कांगारू: पिशवीत पिल्लू असलं तर काय करायचं?

घाटवाट: कॅनबेराहून कूमाकडे जाताना अंधार पडला की कांगारू आणि वोंबॅट (बिळात राहणारा, पिशवीवालाच गुबगुबीत प्राणी) गाड्यांखाली फार येतात. आई मेली तरी पिशवीतलं पिल्लू जगतं म्हणे. मग गाडी थांबवून ते ओढून काढायचं का? घरी दूध पाजलं तर चालेल?

निलगिरी: ओढायचं तर मुळीच नाही! केस न आलेल्या पिल्लाच्या तोंडात सडाचं टोक फुगून घट्ट बसलेलं असतं, हिसका दिला की जबड्याला आणि टाळूला इजा होते.

आधी गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, हॅझर्ड लाइट लावा. वळण असेल तर थांबू नका, पुढे जाऊन प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा. कांगारूची छाती हलत असेल तर जवळ जाऊ नका, मागच्या पायाची लाथ वाईट असते. मेलंय याची खात्री झाली की हातमोजे घालून पिशवी बोटांनी ताणून बघा. कांगारूची वरून उघडते, वोंबॅटची मागच्या पायांकडे. पिल्लू सडाला असेल तर सड आईच्या अंगालगत कात्रीने कापा, पिल्लाच्या तोंडात तसाच राहू द्या आणि सुटं टोक सेफ्टी पिनने कापडाला अडकवा, नाहीतर ते गिळतं.

पिशवी रिकामी, पण एक सड लांब ओघळलेला? म्हणजे मोठं पिल्लू जवळच्या झुडपात असणार. त्याच्यामागे धावू नका. घाबरून पळापळ झाली की स्नायू निकामी होतात आणि दोन-चार दिवसांनीही ते दगावतं. जागा नीट कळवा, बस.

औषधपेटी: दुधाबद्दल: गायीचं नको. त्यातली लॅक्टोज पिल्लाला पचत नाही, जुलाब होतात, मोतीबिंदूही होतो. वाटेत काहीच पाजू नका. उशीच्या अभ्र्यात घालून ऊब द्या: केस नसतील तर सुमारे ३२ अंश सेल्सिअस, असतील तर २८. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळूनच ठेवा. गाडीत गाणी बंद, आणि मुलांच्या हातात देऊ नका. परवान्याशिवाय घरी पाळणं बेकायदा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेचा नंबर १३०० ०९४ ७३७.

बोरकाठी: +१. तपासून झालं की मेलेलं जनावर रस्त्यापासून लांब ओढा. ते खायला गरुड उतरतात आणि तेही धडकतात. तपासल्याची खूण म्हणून अंगावर स्प्रेने फुली मारतात.

एक मात्र सांगतो, करडं कांगारू काही संपत चाललेलं नाही. खरी वाताहत झाली ती साधारण ३५ ग्रॅम ते साडेपाच किलोच्या प्राण्यांची: नंबॅट, बिल्बी, बेटाँग असे इथले छोटे स्थानिक प्राणी. त्यांना खातात बाहेरून आणलेले कोल्हे आणि मांजरं. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोल्ह्यांसाठी ‘१०८०’ नावाच्या विषाचं आमिष टाकतात. तिथल्या काही झुडपांत हेच विष मुळातच असल्याने स्थानिक प्राण्यांना ते बरंच सोसतं. पूर्वेकडे तशी सवय नाही, म्हणून आमिष मातीत पुरावं लागतं. मांजरं मात्र आमिषाला सहसा तोंड लावत नाहीत.

तुम्ही कॅनबेराकडचे दिसता. मांजर पाळलं असेल तर बघून घ्या, १ जुलै २०२२ पासून जन्मलेलं मांजर तिथे मोकळं सोडता येत नाही.