'जुनून'मधली रूथ शेवटी धावते, ते प्रेम मानायचं का?

नवीपेठेतली : रस्किन बाँड यांची 'अ फ्लाइट ऑफ पिजन्स' वाचली आणि त्यावरचा श्याम बेनेगल यांचा 'जुनून' (१९७८) पुन्हा पाहिला. राग आला. १८५७चं शाहजहानपूर. चर्चमध्ये बंडवाले रूथ या गोऱ्या पोरीच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांना मारतात. लाला रामजीमल तिला, आईला आणि आजीला घरात लपवतो. पठाण सरदार जावेद खान तिथून त्यांना जबरदस्तीनं आपल्या घरी नेतो आणि लग्नाचा हट्ट धरतो. कादंबरीत हे सगळं रूथ स्वतः सांगते, आणि तिच्या सांगण्यात प्रेमकहाणी नाही. सिनेमात मात्र शेवटी ती जावेदसाठी धावत बाहेर येते. पळवून आणलेल्या पोरीच्या मनात तिला न विचारता प्रेम कसं घातलं?

होटगीरोडकर : ताई, नाही पटलं. तुम्ही शेवटची दोन मिनिटंच धरून बसलात. सिनेमा जावेदची बाजू घेतो कुठे? बायको फिरदौस (शबाना आझमी) घरातच जळतेय. दिल्ली इंग्रजांच्या हाती पडल्यावर बंडात लढणारा मेहुणा सरफराज (नसीरुद्दीन) येऊन त्याची कबुतरांची खुराडी फोडतो. बाकीचे लढून मरतायत आणि हा कबुतरांत नि एका गोऱ्या पोरीत गुंतलाय! याहून कडक टीका काय असते?

नवीपेठेतली : टीका त्याच्यावर आहे, मान्य. पण रूथचं काय? तिची आई मरियम जावेदशी करार करते, दिल्ली इंग्रजांनी घेतली तर लग्नाचा विषय बंद, नाहीतर पोरगी तुझी. जेनिफर केंडलनं ती आई जबरदस्त केलीय. पण पोरीला विचारलं कुणी?

मंगळवारपेठी : आपल्या सोलापूरचे डॉ. कोटनीस आठवा. १९३८ला जपानशी लढणाऱ्या चीनला जखमींवर उपचार करायला गेले, १९४१ला ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. शांतारामबापूंनी १९४६ला त्यावर सिनेमा काढला, तोही ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून. डॉक्टर आणि नर्स, दोघं एकाच कामात, कुणी कुणाच्या कैदेत नाही. म्हणून ते लग्न पटतं. जावेदच्या घरात तो पायाच नाही.

होटगीरोडकर : कोटनीसांना युद्धानं एका बाजूला आणलं ओ, इथे दोघं समोरासमोर आहेत. प्रेमाला मनाई आहे ती इथे. आणि महिनोन्महिने त्या घरात राहिलेल्या रूथला भीतीशिवाय काही वाटूच शकत नाही, हे आपण कोण ठरवणार? तेही तिला न विचारताच झालं की.

नवीपेठेतली : वाटू शकतं. मग ते दाखवा ना! जावेद तिच्याकडे बघतोय हे सारखं दिसतं. तिच्या मनात कधी काय बदललं, तो प्रसंग मला तरी सापडला नाही. पुस्तकात बोलणारी तीच होती. सिनेमात ती जन्मभर लग्नाविना राहिली हेसुद्धा एक पुरुषी आवाज सांगून मोकळा होतो.

होटगीरोडकर : आवाजाचा मुद्दा घेतला. धावण्याचा नाही. आईला न विचारता तिनं केलेली सिनेमातली तेवढीच एक गोष्ट आहे, ती मी तिच्याकडून काढून घेणार नाही.