एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स: नवख्याच्या गळ्यात हे लोढणं अडकवू नका

नारायणपेठी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि नातेवाइकांना अचानक माझी आठवण यायला लागली. मेव्हण्याचा २०१८चा लॅपटॉप, सातव्या पिढीचा आय-५. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही, पण मशीन ठणठणीत आहे. "लिनक्स टाकून द्या, पण विंडोजही राहू द्या, कधी लागलं तर," म्हणाला. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम.) ह्या 'कधी लागलं तर'ने माझे दोन रविवार खाल्ले.

पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) सुरू झालं, वायफाय चाललं, आवाज आला. इन्स्टॉलर उघडला तर त्यात डिस्कच नाही! पेनड्राइव्ह दिसतोय, आतली एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची मुख्य डिस्क, गायब. अर्धा तास मी डिस्क मेली म्हणून सुतकात. मग कळलं की बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, स्टोरेज इंटेलच्या 'आरएसटी' मोडवर आहे. त्यात एनव्हीएमई (वेगवान जातीची एसएसडी) डिस्क कंट्रोलरच्या आड जाते आणि इन्स्टॉलरला दिसत नाही. तो मोड बदलून साधा 'एएचसीआय' केला, डिस्क हजर. खुशीत इन्स्टॉल उरकलं आणि विंडोज उघडायला गेलो तर निळी स्क्रीन, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

ते कसंबसं निस्तरलं. पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला फोन: "भाऊजी, विंडोजमध्ये पहाटेचे चार वाजलेत." लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (ग्रीनिचची जागतिक वेळ) लिहितं, विंडोज तेच आकडे आपली स्थानिक वेळ समजून वाचतं. बरोब्बर साडेपाच तास मागे.

म्हणून माझं मत: नवख्याने डिस्क पूर्ण पुसून लिनक्स टाकावं, नाहीतर टाकूच नये. दोन सवती एका घरात नांदवायचा हट्ट सोडा.

कर्नल पॅनिक

साफ असहमत. खापर चुकीच्या डोक्यावर फोडताय. डिस्क दिसली नाही ती आरएसटीमुळे. सगळं पुसायचं ठरवलं असतंत तरी इन्स्टॉलरला ती दिसलीच नसती, मग पुसणार काय होतात?

आणि निळी स्क्रीन तुम्हीच ओढवून घेतलीत. आधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगायचं, मग बायॉसमध्ये एएचसीआय करायचं, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, म्हणजे विंडोज नवा ड्रायव्हर उचलतं. मग सेफ मोड काढायचा. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त क्रम पाळावा लागतो.

नारायणपेठी

कर्नलसाहेब, डिस्क दिसली नसती हे मान्य. पण पुसायचीच असती तर एएचसीआय करून मोकळा झालो असतो, मागे रडायला विंडोज नसतं. आणि तुमचा 'फक्त क्रम' नवख्याला कोण सांगणार? निळी स्क्रीन आल्यावरच तो शोधायला लागतो.

दोनदा_विचारा

क्रमावरून भर घालते. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणं) मालकाच्या नकळत चालू असतं. बायॉसमध्ये सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणाऱ्या सेटिंगला) हात लावला की पुढच्या वेळी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हे कुलूप, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, पण ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असलं तर? आमच्या ऑफिसातल्या एकाचं नेमकं हेच झालं. मुलीचे बारशापासूनचे फोटो त्यात. त्याला आता लिनक्स हा शब्द जरी ऐकवला तरी तो उठून जातो.

की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायॉसची पायरीही चढू नये. मग डबल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम) करा नाहीतर सगळं पुसा.

अक्षरजुळारी

पुसा म्हणणं सोपं आहे. माझा डीटीपीचा धंदा. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या पंधरा वर्षांच्या फायली आहेत: लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गणेश मंडळांच्या वर्गणीची पुस्तकं. लिनक्समध्ये फाईल उघडली तर 'श्री'च्या जागी भलतीच चिन्हं. गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वर्षीचीच पत्रिका, फक्त तारीख बदला." त्याला काय सांगू, तुमचा श्रीगणेशा आता उघडत नाही?

विंडोजच्या पोटात लिनक्स नाहीतर लिनक्सच्या पोटात विंडोज चालवा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी, असा सल्ला मिळाला होता. ८ जीबी रॅममध्ये दोघंही उपाशी राहतात. मला डबल बूटच लागतं, आणि तीन वर्षं विनातक्रार चाललंय. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद ठेवायचं, एवढंच पथ्य. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या कप्प्यावर) काही लिहिता येत नाही.

पेनड्राइव्ह_पांडू

भांडता कशाला, लिनक्स बाहेरच्या एसएसडीवर टाका, आतल्या डिस्कला हातच नको.

(मीही असंच म्हणायचो. इन्स्टॉलरमध्ये डिस्क बाहेरची निवडली, पण त्या पठ्ठ्याने बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (बूटलोडर ठेवायच्या कप्प्यात) नेऊन ठेवला. एसएसडी काढून लॅपटॉप मामाला परत दिला. मामाने चालू केला, काळी स्क्रीन, त्यावर 'ग्रब' हे लिनक्सच्या बूटलोडरचं नाव आणि लुकलुकणारा कर्सर. मामाला वाटलं व्हायरस. तेव्हा आतली डिस्क आधी बायॉसमधून बंद करता आली तर करा, मगच इन्स्टॉल करा.)

कर्नल पॅनिक

पांडू, तुमचा कंस तुमच्याच मुद्द्याला आडवा गेलाय. मामांनी एफ-१२सारखी बूट मेनूची की दाबून विंडोज निवडलं असतं तरी काम झालं असतं.

दोनदा_विचारा

मामा एफ-१२ दाबत नसतात, कर्नल. ते फोन करतात.

साडेसाती

माझं तर म्हणणं, घरच्या माणसाच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकूच नये. वायफाय चालत नाही, आणि वायफायचा ड्रायव्हर उतरवायला वायफाय लागतं.

कर्नल पॅनिक

तो जमाना मागे पडला. डेबियन या लिनक्सच्या, फक्त मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्या सोवळ्या मंडळींनीही २०२२मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून फर्मवेअर (वायफायसारख्या भागांना लागणारं कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. तरी अडलंच तर फोन यूएसबीने जोडा, टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा, ड्रायव्हर उतरवून घ्या. आणि त्याआधी पेनड्राइव्हवरूनच तासभर चालवून बघा: वायफाय, आवाज, आणि झाकण लावून उघडल्यावर मशीन जागं होतंय का. हे शेवटचं कोणी बघत नाही आणि नेमकं तिथेच फसतं.

नारायणपेठी

झाकणाचं मी बघितलं नव्हतं. बघतो.

मत अर्धंच बदलतोय. अक्षरजुळारींसारखं खरं कारण असेल तर डबल बूट ठीक, ते स्वतः पथ्य पाळतात. पण मेव्हण्याचं 'कधी लागलं तर' हे कारण नव्हे. महिन्याभरात विंडोज एकदाच उघडलंन, तेही घड्याळ बघायला.

अक्षरजुळारी

घड्याळाचं काय केलंत मग? लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला लावलंत की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) नोंद टाकून विंडोजला यूटीसी वाचायला?

नारायणपेठी

मी लिनक्सकडून केलं. मेव्हण्याने कुठलातरी व्हिडिओ बघून रजिस्ट्रीतही केलं. आता घड्याळ साडेपाच तास पुढे आहे. रविवारी जातोय.