मदत हवी: बोर्डगेममधल्या फिगर सैन्यात चालतील का? (१२ तारखेच्या आत सांगा)

उलटा_फासा
मामेभाऊ लेस्टरहून १२ तारखेला पुण्यात येतोय. बॅगेत माझ्या वाट्याला दोन किलो आहेत, वर एक ग्रॅमही नाही असं मामीने बजावलंय. तिकडच्या चॅरिटी शॉपांत आणि रविवारच्या कार बूट सेलमध्ये लोक जुने बोर्डगेम पाच-दहा पौंडांत काढून टाकतात. पत्ते अर्धे हरवलेले, फासे गायब, पण प्लास्टिकच्या फिगर शाबूत. मला टेबलावरच्या युद्धखेळासाठी ऑर्कचं, म्हणजे कल्पित राक्षसांचं, सैन्य उभं करायचंय. नवे कोरे दहा ऑर्क घ्यायचे तर महिन्याचं पेट्रोल त्यात जातं, आणि मला साठ तरी लागतील.
प्रश्न सोपा आहे. कोणता डबा आणायला सांगू? आणि वाकलेले भाले सरळ होतात का? "आधी शोधा" म्हणू नका, शोधलंय.

अर्धवट_रंगारी
कोणत्या नियमांनी खेळणार? समोरच्याच्या फिगर किती मिलिमीटरच्या? पायाखालचे बेस गोल की चौकोनी?

उलटा_फासा
नियम नेहमीचेच. माप पण नेहमीचंच. डबा सांगा ना.

घाटमाथा
आमच्याकडे नेहमीची भाजी म्हणजे बटाटा, शेजारी म्हणजे मेथी. नीट सांगा राव.

जुना_खेळिया
डोळे मिटून हिरोक्वेस्ट. १९८९ चा, मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉप या दोघांनी मिळून काढलेला. हिरव्या प्लास्टिकचे ऑर्क, चेहऱ्यावर नुसता माज. २०२१ मध्ये नवीन आवृत्तीही आली, पण जुन्याची सर नाही. मी अजून जपून ठेवलाय, बायकोने दोनदा रद्दीत घालायला काढला होता.

कोपरापासून_नमस्कार
खेळिया काका, त्या डब्यात ऑर्क आठ आणि गॉब्लिन सहा. यांना साठ हवेत. चार डबे आणले तरी साठ भरत नाहीत, आणि जुना पूर्ण डबा आता पाच पौंडांत कोण देतंय? संग्राहक टपून बसलेत.
त्यापेक्षा बॅटल मास्टर्स बघा, १९९२ चा, त्याच दोन कंपन्यांचा. शंभराहून जास्त फिगर एकाच डब्यात. जमिनीवर अंथरायची चटई एवढी मोठी की आमच्या हॉलमध्ये सोफा सरकवावा लागला होता.

जुना_खेळिया
शंभर आहेत, पण एका साच्यातले. आख्खी पलटण एकाच पायावर एकाच पोझमध्ये. संचलन वाटतं, लढाई नाही.

कोपरापासून_नमस्कार
सैन्य आहे काका, लग्नातला ग्रुप फोटो नाही.

रेझिनवाला
एक रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घ्या आणि मोकळे व्हा. हवे तेवढे ऑर्क छापा.

अर्धवट_रंगारी
प्रिंटर, धुवायचं अल्कोहोल, हातमोजे, वास बाहेर जायला खिडकी, शिवाय घरच्यांची परवानगी. धागाकर्त्याकडे दोन किलो आणि थोडे पौंड आहेत.

शेणाचा_बुरूज
एवढं लांब कशाला? दिवाळीच्या आधी कुंभाराकडून टोपलीभर मावळे आणा. आम्ही किल्ल्यावर दरवर्षी सत्तर-ऐंशी मांडतो. तोफा, गवळण, वाघ सगळं मिळतं.

उलटा_फासा
मला ऑर्क हवेत.

शेणाचा_बुरूज
हिरवा रंग द्या.

घाटमाथा
मावळ्याला हिरवा रंग देऊन ऑर्क? हा धागा आता कुठे जाणार ते दिसतंय मला. शिवाय ते मावळे दरवाजापेक्षा उंच असतात आणि तलवार पहिल्या पावसातच गळते.

उलटा_फासा
बरं, ऐका. मित्र किंग्ज ऑफ वॉरच्या नियमांनी खेळतो. त्याच्याकडे २८ मिमीचे सांगाडे आहेत, चौकोनी बेसवर. टेबल म्हणजे त्यांचं डायनिंग टेबल, साडेचार बाय तीन फूट.

अर्धवट_रंगारी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर अर्धा धागा वाचला असता! मग तुमचं काम सोपं आहे. त्या नियमांत शिपाई एकेक करून उचलत नाहीत, तुकडी एकतर टिकते नाहीतर पूर्ण पळते. म्हणून मोजायचा असतो तो तुकडीचा पाया. ऑर्क पायदळाची रेजिमेंट म्हणजे २५ मिमीचे वीस बेस, पाच रुंद, चार खोल: १२५ बाय १०० मिमी. तेवढी एक पाटी कापा आणि बारा-तेरा ऑर्क त्यावर थेट चिकटवा. मधे एखादा दगड, मोडका झेंडा, मेलेला सांगाडा. निम्म्याहून जास्त असले की बस, घरच्या खेळात कोण मोजतंय. पाच पाट्यांत तुमचे साठ बसतात. लेझर कटिंगवाला ३ मिमी एमडीएफच्या पाट्या कापून देतो. मी पहिल्या चार लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या केल्या होत्या, तीन थर फेव्हिकॉलने जोडून. पावसाळ्यात पापडासारख्या वळल्या, ते करू नका.
डब्यातल्या फिगरचे गोल बेस पाटीवर अडचण करतात. पेपर कटरने घोट्याखाली कापून काढा.

रंगपंचमी_रोज
भाल्यांचं कोणी सांगितलंच नाही. बहुतेक बोर्डगेमचं प्लास्टिक मऊ पीव्हीसी असतं. उकळून गॅस बंद केलेल्या पाण्यात भाला अर्धा मिनिट धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. न बुडवता सोडला की तासाभरात पुन्हा मान टाकतो. त्याआधी भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सालपटासारखा निघतो.
कडक प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद (प्लास्टिक सिमेंट) पीव्हीसीवर धरत नाही, फेव्हिक्विक वापरा. आणि स्प्रेपासून सावध. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलासा स्प्रे मी वीस झाँब्यांवर मारला, दोन महिने झाले, हाताला अजून गुळासारखे चिकटतात. आता ब्रशने अ‍ॅक्रिलिक जेसोचं अस्तर लावते, वर साधे कॅमलचे अ‍ॅक्रिलिक रंग, मग पाण्यात पातळ केलेला काळा-तपकिरी. खाचांत तो आपोआप उतरतो.

रेझिनवाला
रेझिनला यातलं काही करावं लागत नाही.

रंगपंचमी_रोज
पडला की दोन तुकडे होतात. पीव्हीसीचा ऑर्क माझा भाचा चावला तरी शाबूत आहे.

कोपरापासून_नमस्कार
झाँबी चालणार असतील तर झाँबिसाइडचा ब्लॅक प्लेग डबा, त्यात साठाहून जास्त. ऑर्कच हवे तर ग्रीन हॉर्ड. पण हे नवे खेळ आहेत, चॅरिटी शॉपमध्ये नशिबानेच मिळतील. कुरियरने मागवू नका, खेळण्यांवर जबर आयात शुल्क लावतात.

कस्टमचा_जावई
बोर्डगेम खेळण्यांच्या शीर्षकाखाली येत नाहीत. कस्टमच्या यादीत खेळणी ९५०३ खाली, बोर्डगेम ९५०४ खाली.

कोपरापासून_नमस्कार
मग माझ्याकडून का घेतले?

कस्टमचा_जावई
ते तुमचं नशीब.

उलटा_फासा
घोटाळा झाला. मामेभावाने मला न विचारता डबा घेऊनही टाकला, आठ पौंडांत. वॉर ऑफ द रिंग, लॉर्ड ऑफ द रिंग्जवरचा. नकाशा फाटलाय, फिगर दोनशेच्या वर आहेत म्हणतो. चालेल ना?

जुना_खेळिया
म्हणून विचारून घ्यावं माणसाने.

अर्धवट_रंगारी
आठ पौंडांत? त्याला माझा नमस्कार सांगा. त्यात तांबड्या प्लास्टिकचे नुसते मोर्डोरचे ऑर्कच ३६ आहेत, शिवाय आयझेनगार्डचे वेगळे. पण फिगर लहान आहेत. २८ मिमीच्या सांगाड्याशेजारी उभ्या केल्या तर सांगाडा पाहुणा आणि ऑर्क त्याची मुलं वाटतील.

घाटमाथा
ऑर्क म्हणू नका, गॉब्लिन म्हणा. गॉब्लिन बुटकेच असतात. त्यांचे बेस २० मिमीचे, म्हणून पाटी १०० बाय ८० ची करा, एकेका पाटीवर वीस-बावीस दाटीने बसवा. झुंड छान दिसेल.

रंगपंचमी_रोज
किंवा दोनशेचे दोन भाग करून तुम्ही आणि मित्र हॉर्ड्स ऑफ द थिंग्जच्या नियमांनी खेळा. २४ गुणांचं सैन्य, डायनिंग टेबल पुरतं. दोन्ही बाजू एकाच डब्यातल्या, म्हणजे मापाचं भांडणच नाही.

उलटा_फासा
मित्र सांगाडे सोडणार नाही, त्याने दोन वर्षं रंगवलेत. गॉब्लिनच करतो. मामेभावाला एका ऑर्कशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगितलंय, तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजायला.

जुना_खेळिया
डोक्यापर्यंत मोजतात.

अर्धवट_रंगारी
डोळ्यापर्यंत. डोक्यावर शिरस्त्राण असतं. नकाशा आणि खोका तिथेच टाकायला सांगा. फिगर पिशवीत भरून मोज्यांत गुंडाळल्या की दोन किलोत इतर सामानालाही जागा उरेल.

उलटा_फासा
फोटो आला. डोळ्यापर्यंत २० च्या आसपास. गॉब्लिन ठरले. खोका टाकायला तो तयार नाही, म्हणतो आठ पौंड दिलेत.

शेणाचा_बुरूज
तो फाटका नकाशा मला चालेल. किल्ल्याखाली अंथरायला प्लास्टिकपेक्षा बरा.